शिवेपलीकडची पटकी म्हणजे कॉलरा: आफ्रिकेत नोकरीला जाणाऱ्यांनी आणि इकडं घरी राहिलेल्यांनी काय करायचं

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. आमच्या बहिणीचा पोरगा झांबियात साखर कारखान्यावर फिटर आहे, त्याचा रात्री फोन आला, मामा इकडं कॉलरा लई पसरायलाय, सुट्टीनंतर शाळा उघडायच्या होत्या त्या पुढं ढकलल्यात, राजधानी लुसाकात फुटबॉलच्या हीरोज स्टेडियममधे कॉट टाकून पेशंट ठेवलेत, आम्ही काय करायचं. मी आरोग्य सेवक म्हणून नोकरी केलेला माणूस, पंढरपूरच्या आषाढीला पाण्याच्या ड्युट्या वर्षानुवर्षं केल्या, त्यामुळं घरात कुणालाही जुलाब लागले की फोन मलाच येतो. त्या रात्री तासभर बोललो आणि मग पुढचे दोन महिने व्हॉट्सॲपवर तुकड्या तुकड्यात सांगत राहिलो. आपल्याकडच्या कारखान्यांवरची पोरं केनिया, युगांडा, टांझानिया, इथिओपिया असं कुठं कुठं जातात, फिटर, केमिस्ट, पॅनमन, म्हणून ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय. जाणाऱ्यानं वाचावं आणि घरी राहिलेल्या आईबापानं पण वाचावं, कारण रात्री दोनला फोन येतो तेव्हा तिकडच्याला धीर देणारे तुम्हीच असता.

आजार शीव कशी ओलांडतो ते आधी समजून घ्या

आमची आजी पटकी आली असं म्हणायची नाही, मरी आली म्हणायची. गावात मरी शिरली की मरीआईचा गाडा करायचे, छोटा लाकडी गाडा, त्यात देवी, हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, नैवेद्य, आणि हलगी वाजवत गावच्या शिवेवर नेऊन पलीकडं सोडायचे. मग शेजारचं गाव जागं व्हायचं आणि तोच गाडा आणखी पुढच्या शिवेवर नेऊन सोडायचं. आजीची देवीवरची श्रद्धा खरी होती, तिला मी हात लावत नाही. पण या नोकरीत आल्यावर मला कळलं की गाड्याबरोबर माणसंही शिवेपर्यंत जायची, ओढ्यावर हातपाय धुवायची, तिथलंच पाणी प्यायची, आणि त्यातल्या एखाद्याच्या पोटात जंतू असला तर गाड्याच्या आधी तोच पलीकडं पोचायचा.

आफ्रिकेतल्या बॉर्डरवर आज नेमकं हेच होतंय. कॉलऱ्याचा जंतू पोटात गेलेल्या बहुतेक लोकांना काहीच होत नाही किंवा साधे जुलाब होऊन थांबतात, पण त्यांच्या शौचातनं एक ते दहा दिवस जंतू बाहेर पडत राहतो. आणि ज्यांना आजार होतो त्यांनाही बारा तासापासनं पाच दिवसापर्यंत कधीही होऊ शकतो. म्हणजे बॉर्डरवर उभं राहून कितीही माणसं तपासली तरी चालता बोलता माणूस हसत पलीकडं जातो. फेब्रुवारी २०२३ मधे दक्षिण आफ्रिकेत पहिल्या केसेस निघाल्या त्या दोन बहिणींच्या, त्या जोहान्सबर्गवरनं बसनं मलावीला मयतीला गेल्या होत्या आणि परत येताना आजारी पडल्या. मयतीला जाणं कोण टाळणार, आपण तरी टाळतो का. त्या वेळी मलावीत त्या देशाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी साथ चालू होती, मार्च २०२२ ला मचिंगा जिल्ह्यात सुरू झाली आणि शेवटी ५९ हजाराच्या आसपास केसेस, सतराशेच्या वर मृत्यू. त्याच साथीच्या काळात सप्टेंबर २०२२ ला मोझांबिकमधे केसेस सुरू झाल्या त्या नियासा प्रांतातल्या लागो जिल्ह्यात, आणि तो जिल्हा मलावी तळ्याच्याच काठावर आहे. तळ्याच्या दोन्ही काठावर तेच कोळी, त्याच होड्या, तेच बाजार. आपल्या दक्षिण सोलापुरात भीमेच्या अलीकडं महाराष्ट्र न पलीकडं कर्नाटक, लेकी दोन्हीकडं दिलेल्या, तसंच ते. नकाशावर रेघ असती, पाण्यात नसती.

आणखी एक, हा रोग तिकडचाच असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. आत्ता जगात चाललेली ही कॉलऱ्याची सातवी महासाथ १९६१ ला इंडोनेशियात सुरू झाली, १९७० ला आफ्रिकेत पोचली, आणि जंतूंच्या जनुकांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की १९७० पासनं किमान अकरा वेळा तो आशियातनं आफ्रिकेत नव्यानं गेलाय. तेव्हा तिकडच्या लोकांकडं बोट दाखवायचं आपल्याला कारण नाही. तुम्ही इथनं जाताना पोटात काय घेऊन जाताय याचाही विचार करा, निघायच्या आठवड्यात जुलाब झाले असले तर डॉक्टरला दाखवूनच निघा.

बातमी आली की काय बघायचं

भाच्याला मी पहिलं विचारलं, तू राहतोस तिथनं लुसाका किती लांब ते सोड, तुझ्या कारखान्यावर ट्रक कुठनं येतात ते सांग. साथ किलोमीटरनं चालत नाही, रस्त्यानं चालते. तुमच्या गावाला लागणारा हायवे कुठल्या बॉर्डरला जातो, तिथं ट्रक किती दिवस थांबतात, ड्रायव्हर कुठं जेवतात, संडास आहे का, हे बघा. झांबिया आणि काँगोच्या मधे कासुंबालेसाला तांब्याच्या ट्रकांची रांग कधी कधी दिवसेंदिवस हलत नाही, आणि अशा रांगेत शेकडो माणसं उघड्यावर बसतात आणि तिथलंच पाणी पितात. झिंबाब्वेत २००८-०९ ला ९८ हजाराच्या वर लोक आजारी पडले, चार हजाराच्या वर गेले, तेव्हा बाइटब्रिजची बॉर्डर ओलांडून दक्षिण आफ्रिकेच्या मुसिनापर्यंत साथ गेली, झांबियात, मोझांबिकमधे, बोत्स्वानात गेली. रस्ता होता तिथं गेली.

लढाई असेल तर आणखी वेगळं. सुदानमधे ऑगस्ट २०२४ ला साथ जाहीर झाली, लढाईतनं पळून येणारी माणसं दक्षिण सुदानमधल्या रेंकला उतरायची आणि ऑक्टोबरमधे तिथं केसेस निघाल्या, २०२५ च्या जुलैत चाडमधल्या निर्वासितांच्या छावणीतही निघाल्या. खार्टूममधे मे २०२५ ला ड्रोन हल्ल्यांनी वीज गेली, पाणी शुद्ध करायची केंद्रं बंद पडली आणि केसेस एकदम उसळल्या. म्हणून शेजारच्या देशात लढाई पेटली, पूर आला, चक्रीवादळ आलं की कॉलऱ्याची बातमी यायच्या आधीच पाण्याची तयारी करा. दक्षिणेकडच्या देशांत पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आपल्या उलट, हे पण डोक्यात ठेवा. मलावीत २०२२ ला साथ सुरू व्हायच्या सुमारालाच आना आणि गोम्बे अशी दोन वादळं येऊन गेली होती.

बातमीत दोन आकडे बघायचे, केसेस आणि मृत्यू. शंभर केसेसमागं मृत्यू एकापेक्षा कमी असला तर समजायचं की लोकांना वेळेवर उपचार मिळतायत. मलावीत तो तीनच्या आसपास गेला, लुसाकाच्या साथीत पण तसाच. याचा अर्थ जंतू जास्त भयंकर होता असा नाही, माणसं दवाखान्यात उशिरा पोचली किंवा पोचलीच नाहीत. म्हणजे तुमच्या भागात हा आकडा वर असेल तर दवाखान्याच्या भरवशावर बसू नका, घरात ओआरएस, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायची मीठसाखरेची पावडर, आणि गाडीची सोय आजच करून ठेवा.

पाणी, इथं कसूर करायची नाही

आपल्या सोलापुरात नळाला काही दिवसाआड पाणी येतं, त्यामुळं साठवण आपल्या हाडात भिनलीय, बॅरल, टाक्या, हंडे, काय नसतं घरात. पण साठवलेलं पाणी म्हणजे चांगलं पाणी नव्हे. आणि रोज पाणी न येणाऱ्या पाइपलाइनमधे एक खोड असते, पाणी बंद असताना पाइप रिकामा असतो, शेजारनं गटार जात असेल न जॉइंट गळका असेल तर घाण आत ओढली जाते, वरनं लोक नळाला मोटर लावतात म्हणजे आणखी जोरानं ओढली जाते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटं आलेलं प्यायला भरायचं नाही, ते धुण्याला, संडासला वापरा. लुसाकात यापेक्षा अवघड काम आहे, तिथल्या कंपाउंड म्हणतात त्या दाट वस्त्यांमधे खड्ड्याचे संडास आणि उथळ विहिरी शेजारी शेजारी आहेत आणि खाली भेगाळ चुनखडीसारखा दगड, त्यामुळं पावसाळ्यात संडासातलं सगळं विहिरीत उतरतं. पाणी दिसायला स्वच्छ असतं. दिसण्यावर जाऊ नका.

उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळा उकळी फुटल्यावर एक मिनिट धरा, बास. अदिस अबाबासारखं उंचावरचं शहर असेल तर तीन मिनिटं. झाकण ठेवूनच गार करा आणि त्याच भांड्यातनं वापरा, दुसऱ्या न धुतलेल्या कळशीत ओतलं की केलेलं सगळं वाया.

गॅस परवडत नसेल किंवा पंचवीस माणसांची मेस असेल तर क्लोरीन. झांबियात दुकानात क्लोरिन नावाचीच बाटली मिळते, मलावी, टांझानिया, केनियाकडं वॉटरगार्ड, मोझांबिकमधे सर्तेझा. आपल्याकडच्या मेडिक्लोरसारखंच काम. बाटलीवर किती पाण्याला किती ते लिहिलेलं असतं, तेवढंच टाका, हलवा, अर्धा तास थांबा मग प्या. हा अर्धा तास लोक पाळत नाहीत आणि तिथंच फसतात. पाणी गढूळ असेल तर आधी जाड सुती कापडातनं गाळा. बांगलादेशात जुन्या साडीची चार घडी करून पाणी गाळून बघितलं तर त्या गावांतला कॉलरा जवळपास निम्म्यानं कमी झाला, कारण हा जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतो आणि किडे कापडात अडकतात. तेव्हा आईनं पेटीत एखादं जुनं सुती लुगडं टाकलं तर नको म्हणू नका. पण गाळून थांबायचं नाही, गाळून मग क्लोरीन किंवा उकळी. तुरटीचं पण तेच, तुरटीनं पाणी निवळतं, जंतू मरत नाही.

टाकी किंवा विहीर असेल तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगली ताजी पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅमपासनं सुरू करा. थेट टाकीत भुकटी भिरकावायची नाही, बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं. अर्ध्या तासानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ऑर्थोटोलिडीनची तपासणी करा, नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, लगेच रंग बघायचा, पिवळा आला तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही, पुन्हा थोडं वाढवा. तपासलेलं पाणी ओतून टाका, पिऊ नका. तिकडं ओटी मिळाली नाही तर स्विमिंग पूलच्या दुकानात क्लोरीन तपासायच्या पट्ट्या मिळतात, साथीत लिटरला अर्धा मिलिग्रॅम तरी दाखवली पाहिजे.

एक प्रसंग सांगतो. आषाढीच्या ड्युटीवर एकदा एका टँकरची ओटी केली, पांढरीफटक. ड्रायव्हर म्हणला साहेब सकाळीच पावडर टाकलीय, आणि तो खोटं बोलत नव्हता, माझ्यासमोर परत टाकली तरी पांढरीच. मग पोतं बघितलं तर कधीचं तोंड उघडं, उन्हात पडलेलं, क्लोरीन सगळा उडून गेलेला, उरला होता निव्वळ चुना. शेकडो वारकरी त्या नळाखाली तांबे घेऊन उभे होते. तो टँकर तिथंच रिकामा करायला लावला, लोक चिडले, तहानलेली माणसं चिडणारच, पण दुसरा येईपर्यंत मी हललो नाही. म्हणून सांगतो, पावडर टाकली यावर विश्वास ठेवू नका, पिवळा रंग बघा. पावडर झाकणाच्या डब्यात, कोरड्या सावलीत ठेवा आणि नाकाला उग्र वास येतो का बघून घ्या.

भरलेल्या पाण्यात हात जाता कामा नये. अरुंद तोंडाचं, झाकणाचं, खाली तोटी असलेलं भांडं घ्या, नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं. दात घासायला, चूळ भरायला पण तेच पाणी. बर्फ नको, बर्फ कशाचा केलाय ते कुणाला माहीत.

खाण्याचं थोडक्यात, गरम, पूर्ण शिजलेलं, ताटात वाफ येतेय असं खा, फळ स्वतः सोलून खा, कच्चं सॅलड आणि अर्धवट शिजलेले मासे साथ संपेपर्यंत बंद. तिकडं मक्याची घट्ट पेज असते, न्शिमा म्हणतात, हातानं खातात, आणि जेवायच्या आधी एकच वाडगं फिरतं त्यात सगळे हात बुडवतात. कुणाचा अपमान न करता म्हणा की मी पाणी ओततो, आपल्याकडं पंगतीत तांब्यानं हातावर पाणी घालतात तसं, आणि सोबत साबण ठेवा.

जुलाब सुरू झाले तर

कॉलऱ्याचे जुलाब ओळखू येतात, तांदळाच्या धुवणासारखे, पांढुरके, पाण्यासारखे, पोटात फारसं दुखत नाही, ताप बहुतेक नसतो, पण थांबत नाहीत. जोराचा असला तर तासाला लिटरभर पाणी अंगातनं जाऊ शकतं. डोळे खोल जातात, पायात गोळे येतात, लघवी बंद होते, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. धडधाकट पोरगा सकाळी कामावर होता आणि संध्याकाळी गेला, असं या आजारात होऊ शकतं, आणि त्याच पोराला वेळेवर पाणी मिळालं तर तो दोन तीन दिवसात उठून बसतो. हे दोन्ही खरं आहे, म्हणून पहिल्या पातळ जुलाबालाच सुरू करा, आजार कुठला ते कळायची वाट बघू नका.

ओआरएसचं पाकीट घ्या, त्यावर किती पाण्यात ते वाचा. आपल्याकडं मोठं पाकीट एक लिटरचं असतं आणि छोटं २०० मिलिलिटरचं पण मिळतं, गडबडीत लोक मोठं पाकीट एका ग्लासात टाकतात किंवा थोडं थोडं चमच्यानं काढून वापरतात, दोन्ही चूक. पूर्ण पाकीट, मोजलेलं पूर्ण पाणी. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली माप म्हणून जपून ठेवा. चोवीस तासांनी उरलेलं फेकून नवीन करा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चव डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. भाताची पातळ पेज मीठ घालून पण चालते. थंड कोल्ड्रिंक, नुसतं ग्लुकोज, टेट्रापॅकमधलं गोड सरबत हे ओआरएस नाही, नावात काही का असेना. २०२५ मधे एफएसएसएआयनं, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, असल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी घातली ती यासाठीच.

किती द्यायचं, प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षाखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षाच्या पोराला १०० ते २००, मोठ्या माणसाला जेवढं पिईल तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या चमच्यानं परत सुरू करा, उलटीला घाबरून बंद करू नका. अंगावर पिणारं बाळ असेल तर आईनं पाजत राहायचं. जुलाब बांधायच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, त्यानं घाण आत साठते, अंगातलं पाणी आतड्यात जातच राहतं आणि आपल्याला वाटतं थांबलं. अँटिबायोटिक डॉक्टर सांगेल तर, स्वतःच्या मनानं नाही. पाच वर्षाखालच्या पोरांना झिंक देतात, सहा महिन्यावरच्याला रोज २० मिलिग्रॅम असं दहा ते चौदा दिवस.

या मीठसाखरेच्या पाण्यावर विश्वास बसत नसेल तर १९७१ आठवा. बांगलादेशच्या लढाईत लाखो माणसं बॉर्डर ओलांडून बंगालमधे आली, बनगावच्या छावणीत कॉलरा सुरू झाला, सलाइन संपत आलं, दवाखान्यात जमिनीवर माणसं पडलेली. तिथं डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू साडेतीन टक्क्यांच्या जवळ आले. बॉर्डर ओलांडून आलेल्या आजारावरचं सगळ्यात मोठं औषध आपल्याच मातीत, बॉर्डरवरच्या छावणीत, साध्या माणसांच्या हातानं सिद्ध झालं, याचा मला फार अभिमान वाटतो. २०२३ ला त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

दवाखान्यात कधी, माणूस पिऊ शकत नसेल, ग्लानीत असेल, सहा तास लघवी नसेल, किंवा जुलाब पाण्यासारखे होऊन थांबत नसतील तर लगेच. साथीच्या भागात कॉलरा ट्रीटमेंट सेंटर उभारलेले असतात, कुठं आहे ते आधीच विचारून ठेवा आणि रस्त्यात पण पाजत न्या. तिथं मधे भोक असलेल्या कॉटवर झोपवतात, खाली बादली असते, बघून घाबरू नका, किती पाणी गेलं ते मोजायला ती असते, तेवढं सलाइननं भरून काढतात. इकडं सोलापुरात असाल तर १०८ ला फोन.

संडास, कपडे, मयत

आजारी माणसाची बादली, उलटी, चादर नुसती धुवायची नाही. लिटरला १५ ग्रॅम टीसीएल कालवून ते पाणी ओता, दहा मिनिटं राहू द्या, मग साफ करा, हातात ग्लोव्हज नाहीतर पिशवी बांधा. याच्यात टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड मिसळू नका, त्यातनं विषारी वायू निघतो. कपडे ओढ्यावर, नदीवर, सार्वजनिक नळावर धुवायचे नाहीत, घरी उकळत्या पाण्यात. आणि कुणी गेलंच तर, हे लिहिताना जड जातं पण लिहितो, आंघोळ घालताना त्या देहातनं पाणी बाहेर येतं, ते काम आरोग्य खात्याच्या माणसांकडनं करून घ्या आणि ज्यानं अंघोळ घातली त्यानं त्या दिवशी मयतीचं जेवण करू नये, वाढू पण नये. आफ्रिकेत मयतीला लांबलांबनं माणसं येतात, सगळे एकत्र जेवतात, आणि तिथनं साथ दहा गावात जाते.

अफवा

७ एप्रिल २०२४ ला मोझांबिकच्या नंपुला प्रांतात एक मासेमारीची होडी माणसांनी खच्चून भरून निघाली, गावात कॉलरा आलाय या अफवेनं घाबरून लोक बायकापोरं घेऊन मोझांबिक बेटाकडं पळत होते. होडी बुडाली. नव्वदपेक्षा जास्त माणसं गेली, त्यात किती तरी लेकरं. कॉलऱ्यानं त्यांच्यापैकी एकही कदाचित गेलं नसतं. मी ही बातमी वाचून दोन दिवस अस्वस्थ होतो.

म्हणून तुमच्या ग्रुपवर मेसेज आला की पळा, तर पळू नका. ओआरएस असेल, क्लोरीन असेल, दवाखाना माहीत असेल तर तुम्ही आहात तिथंच सगळ्यात सुरक्षित आहात, आणि पळालात तर न जाणो तुम्हीच जंतू पुढच्या गावाला न्याल. घरच्यांनी पण इकडनं लगेच निघून ये असा धोशा लावू नका. सरकारं पण कधी कधी घाबरतात, मालाची निर्यात थांबेल, टुरिस्ट येणार नाहीत म्हणून जुलाबाची साथ एवढंच म्हणतात. तसं झालं की शेजारचा देश बेसावध राहतो. आजीच्या वेळी गाडा गुपचूप शिवेपलीकडं ढकलायचे तो हाच प्रकार. शेजाऱ्याला निरोप देणं हेच खरं काम आहे, तुमच्या मेसमधे एकाला झालं तर लपवू नका, शेजारच्या लाइनीतल्या लोकांना, ठेकेदाराला, दवाखान्याला त्याच दिवशी सांगा.

लस, कागद आणि परत येताना

कॉलऱ्याची तोंडानं घ्यायची लस आहे, चौदा दिवसांच्या अंतरानं दोन डोस. आपल्याकडं भारत बायोटेकनं २०२४ ला हिलकॉल आणली. निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरला विचारा. जगात लशीचा इतका तुटवडा पडला की साथीच्या भागात ऑक्टोबर २०२२ पासनं दोनऐवजी एकच डोस द्यायचं ठरलं, म्हणून तिथं गेल्यावर मिळेल अशा भ्रमात राहू नका. आणि लस घेतली म्हणून पाण्याची काळजी सोडायची नाही. कॉलऱ्याच्या लशीचं सर्टिफिकेट आंतरराष्ट्रीय नियमात १९७३ पासनं लागत नाही, बॉर्डरवर कुणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका. यलो फीव्हरचं काही देशांसाठी लागतं, ते वेगळं, ते निघायच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्या, त्या देशांतनं परत येताना भारतात पण विचारतात.

पेटीत हे टाका, ओआरएसची एक लिटरची वीस पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या, झाकणाची तोटीवाली छोटी कॅन, साबण, जुनं सुती कापड. भाच्यानं पहिल्यांदा लोणच्याच्या बरण्यांना जागा पाहिजे म्हणून पाकिटं काढून ठेवली होती, दुसऱ्या वेळी त्यानंच फोन करून मागवली.

परत आल्यावर पाच दिवस स्वतःकडं लक्ष द्या. आणि जंतू दहा दिवसापर्यंत बाहेर पडू शकतो म्हणून पहिले दहा दिवस घरच्या हौदात, बॅरलमधे हात घालायचा नाही, जेवण वाढायचं नाही, शौचानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, बरं वाटत असलं तरी. पातळ जुलाब झाले तर ओआरएस सुरू करून सरळ दवाखान्यात जा आणि पहिलं वाक्य हेच बोला, मी अमुक देशातनं अमुक तारखेला आलोय, तिथं कॉलरा चालू होता. डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाही, मग शौचाचा नमुना तपासायला जातच नाही. आणि तुम्ही आषाढीच्या तोंडावर येणार असाल तर ते दहा दिवस संपल्यावरच पंढरपूरला निघा, वाळवंटात उतरायच्या आधी.